मनावरची औषधे : एका सोप्या गोष्टीची चिकित्सा

मनोविकारांवरील औषधांचा इतिहास आपल्याकडे लेखांतून, भाषणांतून आणि वर्गातूनही एका ठरावीक साच्यात सांगितला जातो. सर्पगंधा नावाची मुळी आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. पाश्चात्त्य रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपीन वेगळे काढले. रेसरपीन घेणारी माणसे उदास होतात आणि त्याने मेंदूतील सेरोटोनिन घटते असे आढळले. म्हणून नैराश्य म्हणजे मेंदूतील सेरोटोनिनची कमतरता, आणि आजची औषधे म्हणजे ती कमतरता भरून काढणाऱ्या गोळ्या. पाच-सहा वाक्यांत मुळीपासून गोळीपर्यंतचा सारा प्रवास पुरा होतो.

ही गोष्ट लक्षात ठेवायला सोपी आहे, आणि तिच्यात आपल्या अभिमानालाही थोडी जागा आहे. म्हणूनच तिची चिकित्सा करणे अवघड जाते. आमच्या मते या गोष्टीतील जवळजवळ प्रत्येक सांधा ढिला आहे. हा केवळ इतिहासाच्या नेमकेपणाचा मुद्दा असता, तर आम्ही त्यावर एवढी पाने खर्च केली नसती. भोर आणि वेल्हे (या दुसऱ्या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला) यांसारख्या डोंगरी तालुक्यांत मनोविकारतज्ज्ञ हाताशी नसतो. तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतून पुण्याला जाऊन यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि एस.टी.चे भाडे वेगळे. अशा ठिकाणी आजाराबद्दलचे पहिले शब्द पुष्कळदा शिक्षकांकडून ऐकायला मिळतात. ते शब्द चुकीच्या गोष्टीतून आलेले असतील, तर त्यावर घेतलेला निर्णयही चुकू शकतो.

पहिला सांधा : मुळीचे ज्ञान

भोरच्या हिरडस मावळातील माणसाला रानातील औषधांचे अप्रूप नाही. त्या खोऱ्याचे नावच हिरड्याशी जोडलेले आहे. सर्पगंधाही सह्याद्रीच्या ओलसर रानांत सापडणारी वनस्पती. ती पूर्वापार वापरात होती यात शंका नाही. प्रश्न आहे तो वापर म्हणजे ज्ञान का, हा. परंपरेने ही मुळी माणसाला शांत करण्यासाठी आणि झोप येण्यासाठी दिली जात होती, तशीच ती सर्पदंशावरही दिली जात होती. पहिला वापर तपासाला उतरला, दुसरा उतरला नाही. वेल्ह्यात आज कोणाला साप चावला तर त्याला प्रतिविषाचीच लस हवी, सर्पगंधेची मुळी नव्हे. परंपरा आपल्याला इशारे देते. त्यांतील खरे कोणते आणि पोकळ कोणते हे निवडण्याचे काम तिच्या बाहेर राहून करावे लागते.

ते निवडण्याचे काम आपल्याच देशात सुरू झाले, ही अभिमानाची खरी जागा आहे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी उपयोगी पडत असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला. वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ही मुळी देऊन त्यांनी रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या होत्या. १९५२ मध्ये बाझल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत शुद्ध रेसरपीन हाती आले. पुढे न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी अहमदाबादच्या डॉ. हकीम यांच्या कामाची वृत्तपत्रातील बातमी वाचली. त्यांनी हे औषध रॉकलंड येथील मनोरुग्णालयात वापरले आणि १९५४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. १९५७ मध्ये लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन ही दोन्ही नावे होती.

वकिलांच्या निबंधाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. आधी मोजायचे, मग औषध द्यायचे, मग पुन्हा मोजायचे ही शिस्त त्यात आहे. पण चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट आणि कोणाला खरे औषध मिळाले हे रुग्णालाही डॉक्टरलाही न कळणे, ही आजची कसोटी त्यात नाही. ती पद्धत तेव्हा वैद्यकात नुकतीच रुजू लागली होती. रक्तदाबाच्या बाबतीत हे एक वेळ खपून जाते, कारण पाऱ्याचा स्तंभ डोळ्यांना दिसतो. मनाच्या बाबतीत असा स्तंभ नाही. अडचण तेथून पुढे सुरू होते.

दुसरा सांधा : रेसरपीन आणि उदासी

रक्तदाबासाठी रेसरपीन घेणारे काही रुग्ण उदास झाल्याचे वृत्तांत १९५० नंतरच्या दशकात येऊ लागले. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रेसरपीनमुळे सेरोटोनिनचे साठे रिते होतात असे दिसले. दोन निरीक्षणे शेजारीशेजारी ठेवली गेली आणि त्यांच्यामध्ये 'म्हणून' हा शब्द घातला गेला.

पण त्याच १९५५ साली लंडनच्या डेव्हिड डेव्हिस आणि मायकेल शेपर्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये आणखी एक निबंध प्रसिद्ध केला होता. चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांचे चिठ्ठीने दोन गट पाडून त्यांनी एका गटाला रेसरपीन आणि दुसऱ्याला दिसायला तशीच निष्क्रिय गोळी दिली. रेसरपीन घेणाऱ्यांना अधिक बरे वाटले! ज्या औषधाने माणूस उदास होतो असे आपण वर्गात सांगतो, त्याच औषधाने उदासी हलकी झाल्याचे त्या काळातील अधिक काटेकोर चाचणीत दिसले होते. हा निबंध प्रचलित गोष्टीत कोठेच भेटत नाही. १९७१ मध्ये गुडविन आणि बनी यांनी रेसरपीनमुळे आलेल्या उदासीच्या नोंदींची फेरतपासणी केली, तेव्हा औषधाने आलेली सुस्ती आणि खरे नैराश्य यांची बरीच सरमिसळ झालेली आढळली. खरे नैराश्य आले अशांपैकी अनेकांना ते पूर्वीही येऊन गेलेले होते.

तिसरा सांधा : सशापासून माणसापर्यंत

१९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिले. ससे मलूल होऊन पडले. मग त्यांनी काही सशांना सेरोटोनिन ज्यापासून बनते ते द्रव्य टोचले; ससे तसेच पडून राहिले. डोपामीन ज्यापासून बनते ते एल-डोपा टोचताच ससे उठून हिंडू लागले. या प्रयोगातून कंपवाताच्या उपचाराचा मार्ग निघाला आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पुरस्कार मिळाला. पण आपल्या गोष्टीच्या दृष्टीने पाहा. सशाचा मलूलपणा सेरोटोनिनने भरून निघाला नाही, डोपामीनच्या बाजूने निघाला. शिवाय निश्चल पडलेला ससा दुःखी आहे, हे कोणी आणि कसे ठरवले? हालचाल मंदावणे आणि मन खचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९६५ मध्ये शिल्डक्राउट यांनी आणि नंतर कॉपेन यांनी मेंदूतील संदेशवाहक द्रव्ये आणि नैराश्य यांच्या संबंधाविषयी जे मांडले, ते गृहीतक म्हणून मांडले. गृहीतक म्हणजे तपासून पाहण्यासाठी मांडलेले विधान. ते तपासले जाण्याआधीच ते जाहिरातींत, लोकप्रिय लेखांत आणि बोलण्यात वस्तुस्थिती म्हणून जाऊन बसले. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने होते, या म्हणण्याला सुसंगत आधार सापडत नाही असा त्यांचा निष्कर्ष आहे.

येथे विद्यार्थ्यांना एक तुलना जरूर द्यावी. रक्तक्षयात हिमोग्लोबिन किती कमी आहे हे ग्रामीण रुग्णालयातही मोजता येते आणि लोहाच्या गोळ्या दिल्यावर ते किती वाढले हेही मोजता येते. नैराश्याचे निदान सेरोटोनिन मोजून कोठेच होत नाही, मुंबईत नाही आणि लंडनलाही नाही. तेव्हा 'रक्तात लोह कमी, तसे मेंदूत सेरोटोनिन कमी' हे वाक्य वर्गात वापरू नये.

मग औषधे लागू पडतात की नाही?

२०२२ च्या आढाव्यानंतर अनेक ठिकाणी उलट्या टोकाची गोष्ट सांगितली गेली : कारणच चुकीचे, तर औषधही फोल. हा दुसरा ढिला सांधा पहिल्याहून धोक्याचा आहे. सुंठेच्या काढ्याने कफ सुटतो, म्हणून कफ म्हणजे अंगातील सुंठ कमी होणे ठरत नाही. आणि ते ठरत नाही म्हणून काढा निरुपयोगी होत नाही. औषध का लागू पडते आणि ते लागू पडते का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधायचे, दुसऱ्याचे तुलनात्मक चाचणीत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी हाती आहे. २०१८ मध्ये चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २१ नैराश्यविरोधी औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत १,१६,४७७ रुग्ण होते. प्रौढांच्या तीव्र नैराश्यात सर्व २१ औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली. मात्र सरासरी फरक माफक होता आणि बहुतेक चाचण्या काही आठवड्यांपुरत्या होत्या. जादू नाही, फसवणूकही नाही, असे हे उत्तर आहे. आम्हाला ते पटते.

गोव्यातील चाचणी

पण आपल्या दवाखान्यात काय? येथे आम्ही एका निबंधाकडे लक्ष वेधू इच्छितो. तो जानेवारी २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. प्रमुख लेखक डॉ. विक्रम पटेल. वैद्यकीय शिक्षण मुंबईत, पुढे ऑक्सफर्ड आणि लंडन, काही काळ झिंबाब्वेतील हरारे, आणि १९९६ मध्ये गोव्यात 'संगत' या संस्थेची सहकाऱ्यांसह स्थापना, असा त्यांचा मार्ग. नवा रेणू शोधणारे ते संशोधक नव्हेत. आहे ते औषध कोणाला, कोणाच्या हातून आणि किती खर्चात उपयोगी पडते, हा त्यांचा विषय. निबंधाच्या सहलेखकांत आरोग्य-अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञही आहेत, ही बाब विद्यार्थ्यांच्या नजरेस आणावी.

गोव्यातील दोन जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्या ४५० प्रौढांचे चिठ्ठीने तीन गट पाडले गेले. एका गटाला फ्लुओक्सेटीन, दुसऱ्याला निष्क्रिय गोळी, तिसऱ्याला संवादावर आधारलेला मानसोपचार. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटीनचा गट निष्क्रिय गोळीच्या गटापेक्षा सरस होता. पुढे वर्षभरात हा फरक उरला नाही. मानसोपचार निष्क्रिय गोळीहून सरस ठरला नाही. खर्चाच्या हिशेबात औषध परवडले. त्यावरून लेखकांनी म्हटले, की सर्वसाधारण दवाखान्यांत अशी स्वस्त औषधेच पसंतीचा उपचार असावीत.

निबंधाची रचना उत्तम आहे. निष्कर्ष मात्र पुराव्यापेक्षा दोन पावले पुढे गेला आहे, असे आम्हाला वाटते. एक तर दोन महिन्यांचा फायदा बारा महिन्यांवर टिकला नाही, आणि गावातील माणसाला बारा महिन्यांचीच काळजी असते. दुसरे असे, की गोळी निष्क्रिय करता येते, पण संवाद निष्क्रिय करता येत नाही. त्यामुळे आपल्याला काय मिळते आहे हे मानसोपचाराच्या गटाला कळणारच, आणि गोळीशी त्याची तुलना कधीच सरळ होत नाही. तिसरे, हरला तो मानसोपचाराचा एक विशिष्ट साचा. त्यावरून बोलण्याने काहीच होत नाही असे ठरत नाही.

हा तिसरा आक्षेप पुढील कामाने उचलून धरला, आणि ते काम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीच केले. २०१० मध्ये 'मानस' ही चाचणी प्रसिद्ध झाली. गोव्यातील १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने तिच्यात होते. डॉक्टर औषध देत, आणि प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे समुपदेशन करीत. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशा उपचारातील ६५.९ टक्के रुग्ण सावरले होते, नेहमीच्या उपचारातील ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. २०१७ मध्ये त्यांनी संवादाचा साचाच बदलला. रुग्णाला पुन्हा लहान-लहान कामांत आणि माणसांत गुंतवणारी, सहा ते आठ भेटींची पद्धत त्यांनी गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासली. अधिक तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांत तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के लक्षणमुक्त होते. तुलनेच्या गटातील ३९ टक्के. २००३ मध्ये हरलेला संवाद २०१७ मध्ये नव्या रूपात जिंकला. आपल्या निष्कर्षाच्या पुढे जाणारा पुरावा स्वतःच गोळा करायचा, याला आम्ही संशोधकाची खरी कारकीर्द म्हणतो.

या आकड्यांवर वर्गात एक प्रयोग करावा. फळ्यावर फक्त '१०० पैकी ६४ बरे झाले' एवढेच लिहावे आणि उपचाराने किती बरे झाले असे विचारावे. बहुतेक मुले ६४ म्हणतील. मग शेजारी तुलनेच्या गटातील ३९ लिहावे. हे ३९ जण तो विशेष उपचार न मिळताही सावरले होते. म्हणजे उपचाराची जमा २५. सुमारे चौघांना उपचार दिला तर एक जण जादा सावरला. तुलनेचा गट नसता, तर कोणताही गंडा-दोरा, कोणतीही मुळी आणि कोणतीही गोळी ३९ जणांचे श्रेय आपल्या खात्यावर लिहून मोकळी झाली असती. 'मला गुण आला' या अनुभवाचा अपमान न करता त्याची मर्यादा दाखवण्याचा याहून सोपा मार्ग आम्हाला ठाऊक नाही.

गोवा आणि वेल्हे

तरीही गोव्याचे उत्तर वेल्ह्याला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. या चाचण्यांतील माणसे दवाखान्यापर्यंत पोचलेली होती. जी पोचतच नाहीत त्यांचे काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर असल्याचे आढळले. या प्रश्नाला हात घालणारा एक प्रयत्न अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झाला. त्याचा निबंध २०१७ मध्ये आला. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर पोचले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. येथेही आमचा आक्षेप आहेच : शेजारच्या गावांचा तुलनेचा गट नव्हता, तेव्हा सारी वाढ कार्यक्रमामुळेच झाली असे खात्रीने म्हणता येत नाही. पण प्रश्न योग्य विचारला गेला आहे. औषध चांगले आहे का, याआधी ते वेळवंडच्या खोऱ्यातील शेवटच्या घरापर्यंत कोणाच्या पायांनी जाईल, हे विचारावे लागते.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांना हे क्षेत्र खुणावेल. मनोविकारतज्ज्ञ व्हायचे तर एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्रात तीन वर्षांची एम.डी. करावी लागते, औषधशास्त्रात एम.डी. करूनही मेंदूवरील औषधांकडे जाता येते. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेत मनोऔषधशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तेथील डॉ. चित्तरंजन अँड्राडे यांनी औषधांवरील संशोधनाबरोबर, प्रसिद्ध झालेले संशोधन कसे वाचावे हे डॉक्टरांना शिकवणारे लेखनही वर्षानुवर्षे केले आहे. पण डॉक्टर न होताही येथे काम आहे. सीबा कंपनीने १९६३ मध्ये मुंबईत गोरेगावला संशोधन केंद्र उघडले, आणि त्या केंद्रातून नायट्रॉक्साझेपीन हे नैराश्यविरोधी औषध 'सिंटामिल' या नावाने भारतीय बाजारात आले. ते घडवण्यात रसायनशास्त्रज्ञांचा वाटा मोठा होता. गोव्यातील चाचण्यांना संख्याशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ लागले, आणि गावोगावी जाऊन बोलणारी साधी, शिकलेली माणसेही लागली. गणित आवडणाऱ्या आणि डॉक्टर होऊ न इच्छिणाऱ्या मुलीला हे मुद्दाम सांगावे.

शिक्षकांनी काय सांगावे

आमच्या मते एवढे पुरे आहे. नैराश्य हा खरा आजार आहे. त्याचे एकच एक कारण अजून हाती आलेले नाही. औषधांचा अनेकांना उपयोग होतो, सर्वांना होत नाही. संवादावर आधारलेल्या उपचारांचाही होतो. सुरू असलेली गोळी बरे वाटले म्हणून किंवा एखादी बातमी वाचली म्हणून एकदम बंद करू नये. तशी ती केल्यास त्रास होऊ शकतो. डॉक्टरांना विचारून ती हळूहळू कमी करावी लागते. कोणाकडे जावे हे सुचत नसेल, तर सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर लिहून ठेवावा.

सोप्या गोष्टीच्या जागी हे सांगायला दोन तास जास्त लागतील. वर दिलेला ६४ आणि ३९ चा प्रयोग ज्या शिक्षकांनी वर्गात करून पाहिला, त्यांनी मुलांनी आधी दिलेली उत्तरे आणि त्यांनी विचारलेले प्रश्न आमच्याकडे जरूर लिहून पाठवावेत.